पाच तारीख आणि सात तारीख

हप्ता परत गेल्याचे ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ९० रुपये जीएसटी: खात्याच्या उताऱ्यात अशी ओळ दिसली की घरात दोनच सूर लागतात. एक म्हणतो, खात्यावर लक्ष ठेवायला काय झालं होतं? दुसरा म्हणतो, बँकांचा हात गरिबाच्या खिशातच बरा पोचतो. आकडा बँकेगणिक कमीजास्त होतो, सूर बदलत नाहीत. दोन्हींमागे खरा अनुभव आहे, म्हणून मी कुणालाच उडवून लावणार नाही. पण दोघंही रकमेकडे बघतात आणि तारखेकडे बघायचं राहून जातं, असं माझं म्हणणं आहे. पगारदार माणसाच्या किंवा छोट्या धंदेवाल्याच्या खात्यावर दंड पडतो तेव्हा पुष्कळदा पैसा यायचाच असतो, फक्त तो दोन दिवस उशिरा येणार असतो. हे नीट मांडता यावं म्हणून दोन माणसं कल्पिली आहेत. एक मामा, राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला. दुसरी त्याची भाची, भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघणारी आणि स्कूटरचं कर्ज फेडणारी. वाद त्यांचा आहे, मधे मधे बोलणार मी आहे.

मामा म्हणतो, "अगं, शिल्लक न बघता खर्च करणाऱ्याला कुठली बँक वाचवणार? चेकचा जमाना होता तेव्हा शहाणा माणूस चेक फाडायच्या आधी स्थळप्रतीवर तारीख, नाव, रक्कम आणि उरलेली शिल्लक मांडायचा. चार ओळी लिहायला अर्धं मिनिट लागायचं, पण त्या अर्ध्या मिनिटात हात थांबायचा. आता चहाचे वीस रुपयेसुद्धा फोनवरून जातात, दिवसाला दहा वेळा जातात, आणि महिनाअखेर विचारलं की कुणाला सांगता येत नाही पैसे कुठे गेले. मग हप्ता परत गेला की बँक वाईट. दंड लावला नाही तर हप्ता वेळेवर ठेवणाऱ्यानं काय पाप केलं? त्याच्याच ठेवीतून बेफिकीर माणसाचा खर्च भागवायचा का?"

भाची उत्तर देते, "मामा, तू स्थळप्रतीचं बोलतोस, पण त्या चेकवर तारीख कोण घालायचं? लिहिणारा. पैसे कधी जाणार हे त्याच्या हातात होतं. माझ्या खात्यातून हप्ता मी देत नाही, तो ओढून नेला जातो. कर्ज घेताना एकदा सही केली, पाच तारीख छापलेलीच होती, आणि आता तीन वर्षं दर पाचला कुणीतरी खात्यात हात घालून ३,२०० रुपये काढणार. माझा पगार कधी चारला येतो, कधी सातला. सातला येतो तेव्हा मी बेफिकीर झाले का? पाच तारखेला माझ्या खात्यात २,९०० होते. तीनशेला कमी पडले म्हणून बँकेनं ५९० घेतले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीनं तिचं वेगळं शुल्क लावलं."

मला इथे भाचीचं म्हणणं नेमकं वाटतं, आणि त्याला कायद्याचाच आधार सापडतो. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानं हजारपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा तारखेपर्यंत पगार देण्याची मुभा दिली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही मासिक पगाराला सात तारखेपर्यंतची मुदत आहे. म्हणजे सहा तारखेला पगार देणारा मालक कायद्याच्या नजरेत वेळेवर आहे, आणि त्याच पगारावर पाच तारखेचा हप्ता असलेला कामगार थकबाकीदार आहे. हप्त्यासाठी सगळ्यांत ओळखीची तारीख पाच हीच. ही विसंगती भाचीच्या वागण्यातून आलेली नाही. दोन वेगळ्या कार्यालयांनी एकमेकांना न विचारता दोन तारखा ठरवल्या आणि त्यांची गाठ तिच्या खात्यात पडली.

त्यात आणखी एक बदल झाला, ज्याची दखल घराघरांत अजून पुरती घेतलेली नाही. कर्जाचे हप्ते, एसआयपी, विम्याचे हप्ते यांची वसुली ज्या एनएसीएच यंत्रणेतून होते (लोक तिला अजून ईसीएसच म्हणतात), ती राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ चालवतं. पूर्वी ती बँकांच्या कामाच्या दिवशीच चालायची. पाच तारीख रविवारी आली की हप्ता सोमवारी जायचा, आणि शनिवारी हात आखडलेल्या माणसाला एक दिवसाची उसंत मिळायची. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते. आता रविवारी पहाटेही हप्ता जातो. पगार मात्र कारखान्याच्या हिशेबनिसाला सुट्टी असल्यामुळे सोमवारीच चढतो. पैसे ओढणाऱ्याचं कॅलेंडर सुट्टीविना झालं, देणाऱ्याचं पूर्वीचंच राहिलं.

हा केवळ आपल्याकडचा घोळ नाही. अमेरिकेत चेकिंग खात्यात पैसे कमी असतानाही बँक व्यवहार होऊ देते आणि त्यासाठी जबर शुल्क लावते. ३५ डॉलर हा तिथला कित्येक वर्षं रुळलेला आकडा. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयानं २०१४ साली खात्यांची माहिती तपासली, तेव्हा डेबिट कार्डावरचे शुल्क लागलेले बहुतेक व्यवहार २४ डॉलर किंवा त्याहून कमी रकमेचे निघाले, आणि उणे गेलेली खाती बहुतांशी तीन दिवसांत पुन्हा भरून निघत होती. तीन दिवसांत भरून निघणारं खातं उधळ्या माणसाचं नसतं. त्याला पैसे मिळणार होते, फक्त त्या दिवशी मिळाले नव्हते. पद्धत आपल्याकडे वेगळी आहे. बचत खातं उणे जाऊ देण्याऐवजी बँक हप्ता परत करते, आणि ओव्हरड्राफ्ट ही सहसा वेगळी मागून, करार करून घेण्याची सोय असते. पण दंडाचं मूळ दोन्हीकडे तेच आहे.

मामा हटत नाही, आणि त्याचा आक्षेप मोलाचा आहे. "ठीक आहे, तारखा जुळत नाहीत. पण हे तुला पहिल्या महिन्यातच कळलं होतं ना? दुसऱ्या महिन्यात का नाही सुधारलंस? परत गेलेला हप्ता नुसत्या शुल्कावर भागत नाही. तीच वसुली पुन्हा लावली आणि पुन्हा परत गेली तर पुन्हा शुल्क लागू शकतं. कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. आणि २००७ च्या पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पैसे कमी असल्यामुळे असा हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा धरता येतो, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एवढं असताना माणसानं स्वस्थ बसायचं?"

स्वस्थ बसू नये हे खरंच. पण सुधारायचं काय, यावर माझा मामाशी मतभेद आहे. तो चहाचे वीस रुपये मोजायला सांगेल. मी आधी तारीख बदलायला सांगेन, कारण तिला बहुधा फार खर्च येत नाही. कर्जाच्या अर्जावर हप्त्याची तारीख कर्ज घेणाऱ्याला निवडता येते का, हे विचारायलाच हवं, आणि ते विचारायची वेळ सही करण्यापूर्वीची आहे. चालू कर्जातही अनेक संस्था लेखी विनंतीवर तारीख पुढे नेतात. काही त्यासाठी नवं संमतिपत्र आणि थोडं शुल्क मागतात. मधल्या चार-पाच दिवसांचं व्याज द्यावं लागलं तरी ते काही रुपयांत मोजायचं असतं. पाचचा हप्ता दहावर गेला की भाचीचा वर्षभराचा प्रश्न एका अर्जात सुटतो, आणि तिनं चहा सोडायची गरज उरत नाही.

तारीख हलत नसेल तेव्हा मामाचा खर्च आवरून पैसे बाजूला टाकायचा उपाय कामी येतो, मात्र तो जितका म्हणतो त्याचा एक लहानसा तुकडाच पुरतो. सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी साठवा, हे ऐकून कमी पगाराचा माणूस हताश होतो आणि काहीच करत नाही. परत जाणारा हप्ता थांबवायला सहा महिने लागत नाहीत, एका महिन्याचे हप्ते पुरतात. भाचीसाठी ते ३,२०० रुपये आहेत. दरमहा ४०० बाजूला टाकले तर आठ महिन्यांत हा एक हप्ता पुढे उभा राहतो आणि त्यानंतर ती दर महिन्याचा हप्ता मागच्या पगारातून देते, पुढच्या पगाराची वाट न बघता. हा पैसा मात्र वेगळ्या खात्यात हवा. एकाच खात्यातून भाजी, रिचार्ज, वर्गणी आणि हप्ता गेला की शिल्लक बघूनही काही कळत नाही, कारण दिसणाऱ्या शिलकेत उद्या ओढले जाणारे पैसेही मोजलेले असतात. हप्त्यांसाठी एक खातं ठेवावं, त्याला यूपीआय जोडू नये, त्याचं कार्ड पाकिटात ठेवू नये, आणि पगार आला त्या दिवशी हप्त्यांची बेरीज तिकडे वळवावी. मामाच्या स्थळप्रतीवर जे अर्ध्या मिनिटाचं थांबणं होतं, ते आज या दुसऱ्या खात्यात आहे.

"दुसरं खातं म्हणजे दुसरी किमान शिल्लक," भाची लगेच म्हणते. "एका दंडातून सुटायला दुसऱ्या दंडात शिरू?" तिची शंका रास्त आहे. तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल २१ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले होते. स्टेट बँकेनं २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत असे सुमारे १,७७२ कोटी जमा केले होते. तिच्या त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. पुढे ओरड झाली, दर खाली आले, आणि मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेनं बचत खात्यांवरची ही अटच काढली. २०२५ मध्ये कॅनरा, बडोदा, पंजाब नॅशनल, इंडियन अशा सरकारी बँकांनीही ती सोडली. उलट बाजूला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० रुपये केली, आणि काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. म्हणजे हप्त्यांचं खातं कुठे उघडायचं याला आज खरा पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक बँकेला मूलभूत बचत ठेव खातं द्यावंच लागतं आणि त्यात किमान शिलकेची अट नसते. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून ते वेगळ्या बँकेत काढावं लागतं. हप्ता परत गेल्याचं शुल्क तिथेही चुकत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावं.

ज्यांना अट असलेलं खातं ठेवावंच लागतं, त्यांच्यासाठी मामाच्या हातातली पेन्सिल उपयोगी पडेल. तो कागदावर मांडून दाखवतो: "दहा हजारांची सरासरी म्हणजे रोज दहा हजार नव्हे. रोजची दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, तीस दिवसांची बेरीज करायची, तीसनं भागायचं. बेरीज तीन लाख व्हायला हवी. पहिले वीस दिवस खात्यात दोन-दोन हजारच होते तर चाळीस हजार झाले. उरले दोन लाख साठ हजार, दिवस उरले दहा. रोज सव्वीस हजार ठेवलेस तर सुटलीस. पंचविसाव्या दिवशी जाग आली तर पाच दिवस पन्नास हजार ठेवावे लागतील." भाची हिशेब तपासते. पंचवीस दिवसांचे पन्नास हजार वजा जाता अडीच लाख उरतात, पाच दिवसांत पन्नास हजार रोज, बरोबर आहे. मला या आकडेमोडीत माझ्याच मुद्द्याचा पुरावा दिसतो. बँक शिलकेला दिवसांनी गुणते. तोच पैसा महिन्याच्या सुरुवातीला ठेवला तर स्वस्तात काम होतं, शेवटी ठेवायला गेलं तर आटोक्याबाहेर जातं. कितीतरी लोक भीतीपोटी दहा हजारांना हातच लावत नाहीत, आणि कितीतरी जण एका दिवशी शिल्लक पाचशेवर आली म्हणून घाबरतात. दोघांनाही सरासरीचा हा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

बँकांना पळवाटा नाहीत असंही नाही, म्हणून नियम माहीत असलेले बरे. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या आदेशाप्रमाणे, किमान शिल्लक कमी पडली की बँकेनं आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, ती भरून काढायला एक महिना द्यायचा, आणि नंतर दंड लावायचा तो कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात. निव्वळ या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. जुन्या नोकरीच्या पगार खात्यात हे सगळ्यांत जास्त बघावं लागतं. नोकरी सुटते, काही महिने पगार जमा होत नाही, आणि बँक त्या खात्याला साधं बचत खातं करून किमान शिलकेची अट लावते. शिल्लक शून्यावर आली म्हणून माणूस खातं विसरतो. ते पत्र लिहून बंद करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. चुकीचा दंड लागला तर बँकेला लेखी कळवावं आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे पैसे लागत नाहीत.

आता भाचीचा शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत जड आहे. "मामा, तुझा कागद आणि यांचं दुसरं खातं, दोन्ही मासिक पगारवाल्यांसाठी झालं. मंडईत टोपली घेऊन बसणारीला पगाराची तारीख कुठली? तिचा पैसा रोज येतो आणि रोज जातो. हप्ता मात्र तिच्याकडूनही महिन्याच्या पाचलाच मागतात. तिला तारखा सांभाळायला सांगणं म्हणजे दोष तिच्यावरच ढकलणं."

हे मी मान्य करतो, पण त्यातून माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. तिच्या रोजच्या कमाईला मासिक हप्ता बसत नाही, ही तारखांचीच विसंगती आहे, आणि आपल्या बाजारांनी तिच्यावर उपाय फार पूर्वी शोधला. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. पुढे तिच्यासारखी योजना महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी गल्लोगल्ली नेली. पिग्मीवाला दुकानात, हातगाडीपाशी, टोपलीपाशी येतो आणि पन्नास-शंभर रुपये घेऊन जातो. व्याजासाठी ती मोठी योजना नव्हे, मधेच मोडली तर तोटाही होतो. पण ती रोजच्या कमाईला रोजच्या तारखेनं बांधते. रोज १२० रुपये पिग्मीत गेले तर सत्तावीस दिवसांत ३,२४० होतात, आणि हप्ता निघतो. जिथे कर्ज देणारी संस्थाच हप्ता दर आठवड्याला घ्यायला तयार असते, तिथे भाजीवालीला आणखी सोपं जातं. तिच्याकडून शिस्त मागण्याआधी तिच्या कमाईची लय विचारणं हे कर्ज देणाऱ्याचं काम आहे, हे भाचीचं म्हणणं मी पूर्ण मानतो.

अशीच एक तारीख मे महिन्यात येते आणि तिच्याकडे फार कुणाचं लक्ष नसतं. प्रधानमंत्री योजनांमधल्या जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून जातात, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. त्या आठवड्यात शाळेची पुस्तकं, गणवेश, पावसाळ्याची डागडुजी असा खर्च एकदम अंगावर येतो. पेरणीच्या तयारीत असलेल्या घरात तर हातात रोख उरत नाही. ४३६ रुपये खात्यात नसले तर विमा तिथेच खंडित होतो, आणि घरातलं माणूस जूनमध्ये दगावलं तर दोन लाखांची भरपाई मिळत नाही. इथे चुकलेल्या तारखेची किंमत ५९० रुपयांत मोजता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २५ मे या चौकटीत पेनानं '४५६ खात्यात' असं लिहून ठेवणं, एवढ्यावर ती वाचते.

मामा अखेर एक प्रश्न विचारतो आणि तो बँकेच्या बाजूनं नसतो: "मग बँकेनं आदल्या दिवशी कळवायला काय हरकत आहे?" कार्डावरून आणि यूपीआयवरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेनं हे बंधन घातलेलं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून अशी वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, म्हणून महिन्याच्या दीडशे रुपयांच्या सिनेमाच्या वर्गणीचा निरोप आदल्या दिवशी फोनवर येतो. एनएसीएचमधून जाणारा कर्जाचा हप्ता त्या चौकटीत धरलेला नाही. तिथे संस्थेनं आपणहून कळवलं तर कळतं. दीडशे रुपयांना जो नियम लागू आहे तो तीन हजार दोनशे रुपयांना लागू करायला हवा. चोवीस तासांत भाची तीनशे रुपये शेजारणीकडून आणू शकते, कारखान्यात उचल मागू शकते, दुसऱ्या खात्यातून वळवू शकते. किमान शिलकेसाठी बँक महिनाभर थांबते, हप्त्यासाठी तिनं एक दिवस आधी एक एसएमएस पाठवावा.